स्प्रिंगफील्डची काच घासणारी मंडळी

हौशी आकाशनिरीक्षकांची मंडळे बहुधा एखाद्या धूमकेतूच्या किंवा ग्रहणाच्या निमित्ताने जन्माला येतात. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी उत्तर भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. दोन्ही वेळी अनेक शाळा-महाविद्यालयांतून उत्साहाची लाट उसळली. अध्यक्ष ठरले, चिटणीस ठरले, वर्गणी जमली, कोठे कोठे छापील पावतीपुस्तकेही निघाली. पुढे धूमकेतू गेला, सूर्य पुन्हा रोजच्यासारखा उगवू लागला, आणि वर्गणीतून घेतलेली दुर्बीण प्रयोगशाळेच्या कपाटात स्पिरीटच्या दिव्याशेजारी जाऊन बसली. यात हसण्यासारखे काही नाही. शनीची कडी पहिल्यांदा पाहणारा माणूस थक्क होतो, दहाव्यांदा पाहणारा घड्याळाकडे पाहतो. तो मनुष्यस्वभाव आहे. पाहुणा निघून गेल्यावर सभासदांनी दर आठवड्याला जमून करायचे काय, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न जुना आहे. १९१० साली हॅलेचा धूमकेतू मागच्या खेपेस आला होता, त्याच वर्षी कलकत्त्याला 'अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया' स्थापन झाली. एच. जी. टॉमकिन्स हे सरकारी हिशेबखात्यातील अधिकारी तिचे पहिले अध्यक्ष होते. संस्थेने नियतकालिक काढले, व्याख्याने ठेवली, निरीक्षणाचे विभाग पाडले. आजच्या अनेक मंडळांपेक्षा तिची घडी किती तरी चांगली बसलेली होती. तरी साधारण दहा-बारा वर्षांत तिचे काम थांबले. (आज त्याच नावाची जी संस्था आहे ती १९७२ सालची असून व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांची आहे, दोहोंची गल्लत होऊ नये.)

कलकत्त्याचे काम मंदावत होते त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका लहान कारखानदारी गावात एक मंडळ आकार घेत होते. ते आज शंभर वर्षे उलटून गेल्यावरही चालू आहे. त्याच्या जन्माला कोणताही धूमकेतू कारणीभूत नव्हता.

व्हरमाँट हे अमेरिकेच्या ईशान्येकडील डोंगराळ, थंडीचे राज्य. तेथे ब्लॅक नदीच्या काठी स्प्रिंगफील्ड नावाचे गाव आहे. नदीच्या उतारावर पाण्याच्या शक्तीने चालणारे कारखाने निघाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव मशीन टूलसाठी, म्हणजे यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांसाठी, नावाजले. त्यांतला एक मोठा कारखाना जोन्स अँड लॅमसन यांचा. त्याचे सूत्रधार जेम्स हार्टनेस हे टरेट लेथचे नामांकित संशोधक होते. पुढे १९२१ ते १९२३ ते व्हरमाँटचे गव्हर्नरही झाले. त्यांना आकाशाचा नाद होता, पण व्हरमाँटच्या कडाक्याच्या थंडीत उघड्यावर उभे राहण्याची तयारी नव्हती. म्हणून १९१० मध्ये त्यांनी आपल्या घराजवळ अशी वेधशाळा बांधली की दुर्बिणीची नळी बाहेर थंडीत आणि निरीक्षक आत उबेत! फिरत्या घुमटाच्या भिंतीतून प्रकाश आत यायचा, आणि घरातून तेथे जायला जमिनीखालून बोगदा. कारखानदाराला शोभेल असाच हा उपाय होता.

आपल्या कथेचा नायक मात्र हार्टनेस नव्हेत, तर त्यांच्याकडे नोकरीला आलेला रसेल पोर्टर हा गृहस्थ आहे. पोर्टर स्प्रिंगफील्डचाच, जन्म १८७१ चा. वास्तुकलेचे शिक्षण घेतलेला, हाताने उत्तम चित्रकार, आणि वृत्तीने भटक्या. १८९४ पासून दहा-बारा वर्षे तो पुन्हा पुन्हा उत्तर ध्रुवाकडील मोहिमांवर जात राहिला. १९०३ ते १९०५ च्या मोहिमेत बर्फाने जहाजच चिरडले आणि सगळी तुकडी फ्रान्झ योझेफ बेटांवर अडकून पडली. तेथे पोर्टरकडे नकाशे काढण्याचे व ताऱ्यांचे वेध घेऊन स्थान ठरविण्याचे काम असे. परतल्यावर तो मेन राज्याच्या किनाऱ्यावर स्थायिक झाला आणि हार्टनेस यांच्या प्रोत्साहनाने दुर्बिणीचे आरसे घासू लागला. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्याने सरकारी मानक संस्थेत प्रकाशीय काचेचे काम केले आणि १९१९ साली तो गावी परतून हार्टनेस यांच्या कारखान्यात रुजू झाला. स्क्रूच्या आट्यांची सावली मोठी करून पडद्यावर पाडायची आणि ती नमुन्याच्या रेषेशी ताडून पाहायची, असे एक उपकरण या दोघांनी तयार केले. आटा बरोबर आहे की नाही हे कामगाराला डोळ्यांनी दिसू लागले. हे उपकरण लक्षात ठेवावे, कारण सावलीवरून आकार ओळखण्याची हीच युक्ती पुढे दुसऱ्या रूपात येणार आहे.

१७ ऑगस्ट १९२० रोजी पोर्टरने दुर्बिणीचा आरसा बनविण्याचा वर्ग सुरू केला. पंधरा पुरुष आणि एक स्त्री असे सोळा जण आले. त्यांतले बहुतेक कारखान्यातले कामगार होते. खगोलशास्त्राची पदवी कोणाकडेच नव्हती. विकतची चांगली दुर्बीण त्यांच्या पगारात बसण्यासारखी नव्हती. पुढच्या वर्षी पोर्टरने 'पॉप्युलर अ‍ॅस्ट्रॉनॉमी' या मासिकात जो लेख लिहिला त्याचा मथळाच 'गरीब माणसाची दुर्बीण' अशा अर्थाचा होता.

या सोळा जणांच्या हातांनी काय केले ते थोडे सविस्तर पाहू, कारण मंडळ टिकण्याचे मर्म मला त्यातच दिसते.

भिंगांच्या दुर्बिणीत दोन काचांची मिळून चार पृष्ठे अचूक घडवावी लागतात आणि काच आतूनही निर्दोष लागते. आरशाच्या दुर्बिणीत एकच पृष्ठ घडवायचे असते. त्यासाठी सारख्या आकाराच्या दोन जाड काचेच्या चकत्या घेतात. एक चकती पिंपावर किंवा भक्कम टेबलावर पक्की बसवायची, तिच्यावर कार्बोरंडमची पूड व पाणी घालायचे, आणि दुसरी चकती तिच्यावर ठेवून पुढे-मागे घासायची. घासता घासता वरची चकती हातात थोडी फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती हळूहळू फिरायचे. वरची चकती पुढे सरकली की तिचा मधला भाग खालच्या चकतीच्या कडेवर येतो आणि तेथे दाब जास्त पडतो. त्यामुळे वरची मध्ये झिजते, खालची कडेला झिजते. वरची अंतर्वक्र होत जाते, खालची बहिर्वक्र.

आता हा वक्र कोणता? तो गोलाचाच भाग असतो, आणि तसा तो आपोआप येतो. दोन पृष्ठे कोणत्याही दिशेने सरकवली किंवा फिरवली तरी सर्वत्र एकमेकांना टेकून राहायची असतील, तर ती गोलाकारच (किंवा अगदी सपाट) असली पाहिजेत. जेथे उंचवटा असेल तेथे घर्षण जास्त, म्हणून तो झिजणारच. कारागीर जितका यांत्रिक नियमितपणा टाळील, फेऱ्यांत जितकी सरमिसळ करील, तितका गोल चांगला येतो. वर्गात भूमिती शिकविणाऱ्यांनी दोन चकत्या घेऊन हे एकदा करून पाहावे. 'गोलाची वक्रता सर्वत्र सारखी असते' हे वाक्य मुलांनी अनेकदा लिहिलेले असते, पण हाताला जाणवलेले नसते.

सहा इंची आरसा घ्या, नाभीय अंतर ४८ इंच धरा. वक्रतात्रिज्या त्याच्या दुप्पट, म्हणजे ९६ इंच. मध्यभागी खोली किती येईल? कडेपर्यंतच्या अंतराचा (३ इंच) वर्ग भागिले वक्रतात्रिज्येची दुप्पट, म्हणजे ९ भागिले १९२. हे झाले सुमारे ०.०४७ इंच, म्हणजे जेमतेम १.२ मिलिमीटर. एवढी काच काही तासांच्या घासण्याने निघते. मग पूड बारीक, आणखी बारीक करीत जायचे, आणि शेवटी डांबराच्या जातीची राळ खालच्या चकतीवर ओतून तिच्यावर लोह-ऑक्साइडच्या तांबड्या भुकटीने चकाकी आणायची. सोनार दागिन्याला चकाकी देण्यासाठी वापरतात तीच ही भुकटी.

खरी कसोटी यापुढे लागते. दूरच्या ताऱ्याचे किरण एका बिंदूत आणायचे तर आरसा गोलीय नव्हे, अन्वस्तीय हवा. वरच्या आरशात गोल आणि अन्वस्त मध्यभागी जुळवून धरले तर कडेला त्यांच्यात फरक पडतो सुमारे ०.०००३ मिलिमीटरचा, मिलिमीटरचे तीन हजारांवर भाग केले तर त्यांतला एक! स्प्रिंगफील्डच्या लेथवर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत काम करणारी माणसे होती. येथे त्याच्याही किती तरी पुढे, इंचाच्या दशलक्षांश भागांत जायचे होते, आणि तेही कोणत्याही यंत्राशिवाय, अंगठ्याच्या दाबाने.

हा फरक मोजायचा कसा? येथे लेऑं फूको यांनी १८५८ साली दाखविलेली युक्ती कामाला येते. एका दिव्यावर पत्र्याचे आवरण ठेवून त्याला सुईने छिद्र पाडतात. हा बारीक प्रकाशबिंदू आरशापासून वक्रतात्रिज्येइतक्या, म्हणजे आपल्या आरशासाठी आठ फुटांच्या अंतरावर ठेवतात. परतलेले किरण छिद्राच्या शेजारी एकत्र येतात. तेथे डोळा लावला की सगळा आरसा पौर्णिमेच्या चंद्रासारखा उजळलेला दिसतो. आता दाढीच्या पात्याची धार त्या बिंदूवर हळूच आडवी सरकवायची. आरसा अचूक गोलीय असेल तर तो सगळीकडे एकदम अंधारतो. कोठे उंचवटा किंवा खळगा असेल तर तेथून आलेले किरण बिंदूला चुकवून जातात, आणि आरशावर जणू एका बाजूने दिवा धरून पाहिलेल्या डोंगर-दऱ्या उमटतात. अन्वस्ताच्या बाबतीत कडेचा भाग आणि मधला भाग पात्याच्या वेगवेगळ्या जागी अंधारतात. दिवा स्थिर ठेवला तर आपल्या सहा इंची आरशासाठी या दोन जागांतले अंतर सुमारे २.४ मिलिमीटर येते. मिलिमीटरच्या तीन-साडेतीन हजाराव्या भागाचा फरक साध्या पट्टीने मोजता येईल एवढा मोठा करून दाखवणारे हे उपकरण आहे, आणि ते कोणत्याही स्वयंपाकघरात तयार होते. आरशाला पाच-दहा सेकंद बोट लावून मग पाहिले तर उबेने फुगलेला काचेचा टेंगूळ स्पष्ट दिसतो आणि मिनिटभरात विरून जातो. काच घन आहे, अचल आहे, ही समजूत तेथे कायमची जाते.

जाता जाता एक इशारा. त्या काळी आरशावर चांदीचा थर घरीच, सिल्व्हर नायट्रेट व अमोनियाच्या द्रावणातून बसवीत. हे द्रावण साठवून ठेवले तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होऊ शकतो. शाळेत ते करू नये. आज निर्वात कक्षात अ‍ॅल्युमिनियमचा थर देऊन घेण्याची सोय आहे.

या वर्गातून निघालेल्या मंडळींनी ७ डिसेंबर १९२३ रोजी 'स्प्रिंगफील्ड टेलिस्कोप मेकर्स' हे मंडळ रीतसर स्थापन केले. म्हणजे आधी तीन वर्षे काम आणि मग नाव! सभासद होण्याची अट अशी, की उमेदवाराने स्वतःच्या हाताने दुर्बीण बनवलेली असली पाहिजे. गावाबाहेरच्या टेकडीवर पोर्टरच्या मालकीची जमीन होती. तेथे सभासदांनी स्वतः खपून एक लाकडी क्लबघर बांधले, त्याला गुलाबी रंग दिला आणि 'स्टेलाफेन' म्हणजे ताऱ्यांचे देऊळ असे नाव ठेवले. कारखान्यात पॅटर्न बनवणारा, लेथ चालवणारा, नकाशे काढणारा अशा प्रत्येकाच्या हातचा गुण तेथे उपयोगी पडला.

१९२५ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाचे एक संपादक अल्बर्ट इंगल्स यांच्या वाचनात पोर्टरचा जुना लेख आला. ते स्वतः स्प्रिंगफील्डला जाऊन राहिले आणि नोव्हेंबर १९२५ च्या अंकात त्यांनी या मंडळींवर लेख लिहिला. 'कोणाला अशी दुर्बीण करायची असल्यास कळवा' या आवाहनाला साडेतीनशेहून अधिक वाचकांची पत्रे आली. पोर्टरने पुढच्या वर्षाच्या आरंभी कृती लिहिली, तिचे लगेच पुस्तक झाले, आणि इंगल्स यांनी सुरू केलेले सदर पुढे कित्येक वर्षे चालले. १९२६ च्या उन्हाळ्यात टेकडीवर पहिले संमेलन भरले तेव्हा माणसे जेमतेम वीसेक होती. त्यांना एकमेकांना दाखवायला काही तरी होते, हे महत्त्वाचे. प्रत्येकाच्या काखेत स्वतः घासलेला आरसा होता.

मग १९२८ च्या अखेरीस पोर्टर गाव सोडून गेला. जॉर्ज एलरी हेल यांनी पालोमार पर्वतावरच्या २०० इंची दुर्बिणीच्या आखणीसाठी त्याला कॅलिफोर्नियाला बोलावून घेतले. यंत्र तयार होण्यापूर्वीच त्याच्या अंतर्भागाची पोर्टरने काढलेली चित्रे आजही पाहण्यासारखी आहेत. जून १९४८ मध्ये त्या दुर्बिणीचे उद्घाटन झाले आणि फेब्रुवारी १९४९ मध्ये पोर्टर वारला. सहा इंची आरशापासून २०० इंचीपर्यंतच्या या प्रवासाचे कौतुक सर्वत्र होते. मला मात्र त्याच्या जाण्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते. संस्थापक निघून गेला आणि मंडळाचे काही अडले नाही. आरसा कसा घासायचा हे एव्हाना गावातल्या पुष्कळांना येत होते. व्याख्याता गेला की व्याख्यानमाला बंद पडते. सुतार गेला तरी त्याच्या हाताखाली तयार झालेले राहतात.

दुसऱ्या महायुद्धात या घरगुती कौशल्याला अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. तोफांच्या दर्शकांसाठी छपरी लोलक लागत होते. त्यांच्या दोन पृष्ठांमधला काटकोन कमालीचा अचूक हवा असे, आणि ते करू शकणारे कारखाने पुरेसे नव्हते. इंगल्स यांच्या सदरातून तयार झालेल्या हौशी कारागिरांनी तळघरांत व गॅरेजांत बसून असे हजारो लोलक करून दिले. शांततेसाठी शिकलेले हात युद्धाला लागले, याची खंत वाटते; पण इतिहास सांगायचा तर तोही सांगायला हवा.

विसाव्या शतकाच्या अखेरीस स्प्रिंगफील्डचे मोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. जोन्स अँड लॅमसनही गेला. टेकडीवरचे गुलाबी घर राहिले. १९८९ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. काही वर्षे सोडली तर दर उन्हाळ्यात तेथे घरी केलेल्या दुर्बिणी घेऊन लोक जमतात, आणि आता त्यांची संख्या शेकड्यांत असते.

आपल्याकडे पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे, आणि पुण्याच्याच आयुका संस्थेत शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी आरसे घासण्याच्या कार्यशाळा झालेल्या आहेत. तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. पण आज एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. काच, पूड, थर देणावळ आणि नळी यांचा खर्च धरला तर सहा इंची आरसा घरी करण्यापेक्षा तयार विकत घेणे फारसे महाग पडत नाही. 'गरीब माणसाची दुर्बीण' हे कारण १९२१ इतके सबळ उरलेले नाही. तालुक्याच्या गावी मंडळ काढू पाहणारे शिक्षक मला विचारतात, की मग महिनाभर काच घासत बसायचे कशाला? माझे उत्तर असे, की काचच घासली पाहिजे असे नाही, पण प्रत्येक सभासदाच्या वाट्याला स्वतःचे, संपवता येण्याजोगे आणि तपासता येण्याजोगे काम आले पाहिजे. स्प्रिंगफील्डमध्ये पात्याची धार कोणाचीच भीड ठेवीत नसे, गव्हर्नराची नाही आणि हमालाचीही नाही.

दुर्बीणही न करता असे काम होऊ शकते. जेसोर, म्हणजे आजच्या बांगलादेशातील जशोर, येथे राधागोविंद चंद्र नावाचे गृहस्थ होते. जन्म १८७८ चा. एन्ट्रन्स परीक्षेत ते वारंवार नापास झाले आणि सरकारी खजिन्यात नाणी पारखण्याच्या नोकरीला लागले. त्यांनी रूपविकारी ताऱ्यांची तेजस्विता डोळ्यांनी अजमावण्याचे काम हाती घेतले. शेजारच्या ज्ञात प्रतीच्या दोन ताऱ्यांच्या मानाने हा तारा किती तेजस्वी, एवढेच ठरवायचे आणि वेळेसह नोंदवायचे. अमेरिकेतील रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संघाकडे त्यांनी आयुष्यभरात ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. त्या नोंदी पाहून संघाने १९२६ साली सव्वासहा इंची दुर्बीण समुद्रमार्गे जेसोरला पाठवून दिली. चंद्र यांनी ती म्हातारपणापर्यंत वापरली. नंतर ती वेणू बाप्पू यांच्याकडे गेली, आणि पुढे तमिळनाडूतील कावलूरच्या वेधशाळेत पोहोचली.